भाच्याचं बारसं आणि माझं वेळापत्रक

लातूरला माझ्या सासुरवाडीत, बैठकीच्या भिंतीवर माझा फोटो अजून आहे. याचा अर्थ त्यांनी मला माफ केलंय असा नाही. खिळा उपटला तर भिंतीचा पोपडा पडतो, एवढंच कारण आहे. (मेव्हण्यानंच सांगितलं. उपटून बघितला होता म्हणे!)

मी नांदेडला ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो. कसा शिकवतो हे कृपा करून पोरांना विचारू नका. पण कॉलेजचं वेळापत्रक लावावं तर मीच, हे माझ्याशी न बोलणारे सहकारीसुद्धा कबूल करतात. रंगीत खडू, पट्टी आणि मोठा पांढरा कागद एवढं मिळालं, की मी कुठलाही गोंधळ चौकोनात बसवू शकतो.

माझी बायको सुमन मात्र चौकोनात बसणारी नाही. ती 'पाळणा' नावाची बाळंतसेवा चालवते. बाळंतिणीला मालिश, बाळाला न्हाऊमाखू घालणं, शेक, धुरी, डिंकाचे लाडू आणि शेवटी बारशाची सगळी तयारी, म्हणजे पाळणा सजवण्यापासून घुगऱ्या शिजवण्यापर्यंत. हा सगळा धंदा तोंडी चालायचा. एका बाळंतिणीची जाऊ दुसरीच्या नणंदेला सांगायची, आणि सुमन तेलाची बाटली पिशवीत टाकून निघायची. पण दसरा झाल्यावर एके दिवशी ती माझ्यापुढं मोबाईल घेऊन आली.

"अहो, सगळ्या बाया दिवाळीत मोबाईलमधीच बघून राहिल्या म्हणं. आपल्या पेजवर रोज काहीतरी टाकावं लागतंय. लई काही नको. साधी शुभेच्छा, एखादा लाडवाचा फोटो. जमंल का तुमाला?"

जमंल का! वेळापत्रकाच्या बादशहाला विचारतेय, जमंल का!

संध्याकाळपर्यंत फ्रिजच्या दारावर तक्ता लागला. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत प्रत्येक दिवसाला एक चौकोन. चौकोनात फोटो कोणता, मजकूर कोणता, वेळ कोणती. वर 'सणासुदीचं नियोजन' असं ठळक अक्षरात. आणि खरी गंमत म्हणजे सगळ्या पोस्टा मी आधीच मोबाईलमध्ये भरून ठेवल्या. वेळ झाली की त्या आपापल्या बाहेर पडणार. आपण नुसतं बसून चिवडा खायचा!

"आपोआप कशाला?" सुमन म्हणाली. "रोज हातानं टाकलं तर काय बिघडतंय?"

"सुमन, तू बाळं सांभाळ. नियोजन माझ्यावर सोड."

(हे वाक्य ती आता मला दर दिवाळीला म्हणून दाखवते. माझ्याच आवाजात.)

वसुबारसेला पहिली पोस्ट वेळेवर बाहेर पडली. गाय-वासराचा सुंदर फोटो आणि खाली मजकूर, 'आईची आणि बाळाची मायेनं काळजी. एक फोन करा, आम्ही घरी येतो.' फोन आलासुद्धा. पहिला फोन थेट उमरीहून.

"हॅलो, पाळणा का? आमची म्हैस अडलीय हो! सकाळधरनं बेजार हाय. किती येळात येता?"

"अहो, आम्ही बायकांचं बघतो. बाळंतिणींचं."

"मंग फोटू गाईचा कामून लावला?"

सुमननं फोन हिसकावून घेतला, त्याला आधी जनावराच्या डॉक्टरला बोलवायला लावलं, म्हशीला गरम पाणी द्या, अंगावर पोतं टाका म्हणून धीर दिला. दिवस कलताना त्याचा परत फोन आला.

"रेडी झाली बघा, ताई! झ्याक हाय. ते डिंकाचे लाडू म्हशीला चालत्यात का?"

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान. इथं मला तेल लावलेलं गुटगुटीत बाळ पाहिजे होतं. पण कुठलीच बाळंतीण फोटो देईना. "न्हाई सर, सव्वा महिना व्हायचाय. नजर लागंल." शेवटी मी आईच्या जुन्या ट्रंकेतून माझाच फोटो काढला. पाटावर पालथा, उघडाबंब, गालावर तीट. खाली लिहिलं, 'असं बाळ तुमच्याही घरी!' पहाटे पोस्ट पडली आणि उजाडेपर्यंत बारावी कला शाखेच्या ग्रुपवर पोचली. एका पोरानं दोन फोटो शेजारी शेजारी लावले होते, हा आणि ओळखपत्रावरचा. 'कान तेच हायत की, सर!' (प्राचार्यांनी अंगठा दाखवला होता. कशाला ते मी विचारलं नाही.)

पण हे सगळं किरकोळ. खरा घोळ पाडव्याचा.

सुमनचा धाकटा भाऊ शिवा. त्याचं लातूरला आडत दुकान आहे. वडील लवकर गेले, अव्वा (म्हणजे माझ्या सासूबाई) शेतावर जायच्या, आणि शिवाला कडेवर घेऊन वाढवलं ते सुमननं. शाळेत त्याला आईचं नाव विचारलं तर 'आक्का' सांगायचा. त्या शिवाच्या घरी बऱ्याच वर्षांनी, डॉक्टर आणि देव दोन्ही करून थकल्यावर, दसऱ्याला मुलगा झाला. बातमी आली तेव्हा सुमन दुसऱ्याच कुणाच्या तरी बाळाला न्हाऊ घालत होती. ती त्या बाळाला मांडीवर तसंच धरून रडली, आणि ते बाळ बघतच राहिलं.

नाव आत्या ठेवणार, यात वाद नव्हताच. शिवाची बायको रेखा म्हणाली, "ताई, तुमी म्हणाल ते." आणि सुमननं नाव कुणालाच सांगितलं नाही. फक्त मला सांगितलं, कारण पाळण्यावर लावायची थर्माकोलची अक्षरं मी कापणार होतो. आणि तेही लाडवाच्या डब्यावर हात ठेवायला लावून!

"सिद्धेश," ती हळूच म्हणाली. "सिद्धेश्वराला नवस बोलले होते मी. पर बगा, माझ्या तोंडातनं निघायच्या आधी हे नाव बाहेर पडलं न्हाई पायजे. किती बारशी केली मी! दर बारशाला आत्या पाळण्यात वाकती, बाळाच्या कानात नाव सांगती, अन् बाया तिच्या पाठीत धपाटे घालत्यात. मी आपली मागं उभी राहून घुगऱ्या वाटती. दुसऱ्यांच्या आत्यांना मी लई धपाटे घातलेत. आता माझी पाठ वाट बघून राहिली."

धपाट्यांची एवढ्या ओढीनं वाट बघणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. मला तिचं कौतुक वाटलं. आणि कौतुकाच्या भरात मी पाडव्याच्या चौकोनात भाच्याचं बारसं टाकलं. दुपारी बाराचं बारसं, दुपारी बाराची पोस्ट. मजकूरही आधीच लिहून ठेवला, कारण बारशात मला लिहायला वेळ कुठला?

मग वसुबारसेलाच शिवाचा फोन आला.

"दाजी, पाडव्याला दुकानात पूजा हाय. हमाल, शेतकरी, सगळे येत्यात. मला घरी यायला सांज होईल. बारसं भाऊबीजेला धरू का? आक्का बी ओवाळायला येनारच हाय."

"हाव, धरू की!" मी म्हणालो.

सुमननं घुगऱ्यांचे हरभरे भिजवायचा दिवस बदलला. मीही तितक्याच तत्परतेनं बदल केला. फ्रिजवरच्या तक्त्यातलं पाडव्याचं बारसं पांढऱ्या शाईनं पुसलं, भाऊबीजेच्या चौकोनात सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि लांब उभं राहून बघितलं. कुठं खाडाखोड दिसत नव्हती. फक्त तक्ता होता फ्रिजवर, पोस्ट होती मोबाईलमध्ये, आणि त्या दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती.

पाडव्याला आम्ही लातूरला निघालो. गाडीच्या टपावर पाळणा बांधलेला, मागच्या सीटवर लाडू, मधे थर्माकोलची अक्षरं, वर्तमानपत्रात गुंडाळून चिकटपट्टी लावलेली. सुमन नवी साडी नेसून पुढं बसली होती आणि मधूनच पुटपुटत होती. मी विचारलं तर लाजली. "कानात कसं सांगायचं ते बगून राहिले," म्हणाली.

अहमदपूरला चहाला थांबलो. सुमननं पर्समधून मोबाईल काढला. तो थरथरायला लागला तो थांबेचना.

"अहो," ती म्हणाली, "मला अभिनंदन कामून येऊन राहिलं?"

"पाडवा आहे ना आज."

"पाडव्याचं न्हाई. 'अभिनंदन आत्याबाई, सिद्धेश लई गोड नाव.'"

माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

ती एकेक वाचत गेली. 'सिद्धेशला आशीर्वाद.' 'सिद्धेशच्या बारशाला बोलावलं नाही, लक्षात ठेवू.' उमरीच्या म्हशीवाल्याचासुद्धा होता! 'नाव लई झ्याक, ताई. आमच्या रेडीचं अजून ठरलं न्हाई.' आणि मग तिनं पेज उघडलं. मी लिहिलेलं तिनं मोठ्यानं वाचलं, चहावाल्यासकट सगळ्यांना ऐकू जाईल असं.

'आज आमच्या लाडक्या भाच्याचं बारसं थाटात पार पडलं! बाळाचं नाव सिद्धेश. नाव कानात सांगताना आत्याचे डोळे भरून आले. घुगऱ्यांची चव सगळ्यांच्या जिभेवर रेंगाळली. तुमच्याही घरी असं बारसं व्हावं म्हणून आजच भेटा, पाळणा!'

त्या अख्ख्या पोस्टमध्ये एकच वाक्य खरं झालं. आत्याचे डोळे भरून आले.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं मोबाईल पर्समध्ये ठेवला, चेन लावली आणि गाडीत जाऊन बसली. मी पोस्ट पुसली. पण तोवर ती किती जणांच्या स्टेटसला गेली होती! गाव पुसता येत नाही हो. तेवढ्यात शिवाचा फोन.

"दाजी, माझ्या पोराचं बारसं झालं म्हणं?"

"शिवा, ऐक तर..."

"मी हितं दुकानात पूजेला बसलोय. रेखा घरी चकल्या तळून राहिली. पाळना तुमच्या टपावर हाय. मंग बारसं केलं कुनी?"

चाकूरला मी म्हणालो, "पाणी घेऊ का?" तिनं खिडकीची काच वर केली. मधल्या सीटवर थर्माकोलचा 'सि' वर्तमानपत्रातून बाहेर डोकावत होता. मी हात मागं करून त्याला आत ढकललं. आता कशाला, तरी ढकललं.

लातूरला दारातच सुमनच्या उदगीरच्या काकू उभ्या! पोस्ट वाचून पहिल्या गाडीनं तणतणत आल्या होत्या, नातवंडांसकट. "बारसं उरकून घेतलं अन् आमाला फोटू बगायला ठेवलं? एवढं परकं झालो का आमी?" त्यांना बारसं उद्या आहे हे पटवायला अर्धा तास गेला. पटल्यावर त्या मुक्कामालाच राहिल्या. शेजारपाजारचे घुगऱ्या मागायला येऊन गेले. कुणीतरी चांदीची वाटी घेऊन आलं, तिच्यावर 'सिद्धेश' कोरून! एवढ्या दोन तासांत! आमच्या लातूरचे सराफ इतके चपळ आहेत हे मला माहीत नव्हतं.

रेखानं बाळाला सुमनच्या मांडीवर दिलं. सुमननं त्याची दृष्ट काढली, पायाचे तळवे चोळले, त्याच्याशी काहीबाही बोलली. पण नावानं हाक मारली नाही. मी दारात उभा राहून बघत होतो. मला त्या क्षणी माझ्या रंगीत खडूंची, पट्टीची, त्या मेल्या तक्त्याची इतकी लाज वाटली, की काय सांगू. हिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरचा आनंद सजवून दिला. स्वतःच्या घरचा एक आनंद मागितला होता, अन् तो मी नियोजनात घातला!

"सुमन, चुकलं माझं," मी म्हणालो.

"तुमचं काय चुकलं? वेळेवर तर पडली पोस्ट." तिनं वर बघितलंच नाही.

अव्वांनी माझ्याकडं हात पुढं केला. मी पाया पडायला वाकलो, तर म्हणाल्या, "पाया न्हाई. मोबाईल." तो त्यांनी चिवड्याच्या डब्यात टाकला आणि डबा वरच्या फळीवर ठेवला.

भाऊबीजेला सकाळी सुमननं शिवाला ओवाळलं. पाळणा सजला. अक्षरं मी मुकाट्यानं लावली. बाया जमल्या, काकू पुढं सरसावल्या, रेखानं बाळाला पाळण्यात ठेवलं. आणि आत्या काही पुढं येईना. सुमन नेहमीसारखी मागं, घुगऱ्यांच्या पातेल्यापाशी उभी.

"आक्का, चल की," शिवा म्हणाला.

"आता काय सांगू कानात? सगळ्यांना ठाव हाय. ठेवलं ना नाव मोबाईलनं! त्यालाच म्हणावं, पाळणा हलव."

एवढ्यात अव्वा काठी टेकत उठल्या. कपाळाला विभूतीचे ठसठशीत पट्टे, आवाज खणखणीत.

"ए सुमन, हिकडं ये. हे बग. लातुराला कळलं, उदगीरला कळलं, तुमच्या त्या म्हशीवाल्याला कळलं. पर ह्याला कळलंय का?" त्यांनी काठीनं पाळण्याकडं दाखवलं. "ज्याचं नाव हाय, त्याच्या कानात अजून कुनी बोललं का?"

"न्हाई," रेखा म्हणाली. "एकदा बी न्हाई."

"मंग? आत्या कुनाला सांगायला असती? गावाला? गावाला सांगायला दवंडीवाला हाय की आपला." इथं त्यांनी माझ्याकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. "हे लेकरू एकटंच ऱ्हायलंय बिनानावाचं. उगं त्याला ताटकळत ठेवू नको. जा."

सुमननं पदरानं डोळे पुसले. पाळण्यापाशी गेली, वाकली, आणि त्या इवल्याशा कानाला तोंड लावून तिनं नाव सांगितलं. आम्हाला कुणालाच ऐकू आलं नाही. बाळानं डोळे मोठे केले. (ढेकर येत होती असं काकू म्हणतात. मी मानत नाही.) आणि लगेच बायांनी धपाटे घालायला सुरुवात केली! धप, धप, धप! सुमन एकीकडं रडते, एकीकडं हसते, "अजून घाला, अजून घाला" म्हणते. शिवा डोळे पुसायला अंगणात पळाला.

"आता दुसरी आत्या कुठाय?" अव्वांनी विचारलं.

"दुसरी कोन, अव्वा?" काकू.

"मोबाईलवरनं नाव कुनी ठेवलं? दोन आत्या झाल्या पोराला. एकीचं झालं. दुसरीला म्हनावं, वाक."

मी म्हणालो, "अव्वा, मी जावई आहे घरचा. भाऊबीजेचा दिवस..."

"जावईबापू, वाका."

वाकलो. उदगीरच्या काकूंचा हात काय सांगू तुम्हाला! तरुणपणी खळ्यावर ज्वारी बडवायच्या म्हणे. त्यात न बोलावल्याचा राग अजून शिल्लक. मग रेखा, मग शेजारणी, मग वाटी आणणाऱ्या बाई. माझ्या डोळ्यापुढं भूगोलातली सगळी नक्षत्रं आली. सगळ्यात शेवटी सुमन. तिनं मात्र हळूच घातला. म्हणजे मला वाटलं हळूच. दुसरा हळूच नव्हता!

काकूंच्या नातीनं हे सगळं मोबाईलवर टिपलं आणि सुमननं ते स्वतःच्या हातानं पेजवर टाकलं. माझा अख्खा तक्ता एकीकडं आणि ती एक पोस्ट एकीकडं. नांदेड-लातूरच्या घराघरांत गेली. तेव्हापासून 'पाळणा'ला बारशाची कामं पुरी पडत नाहीत.

परवा देगलूरहून फोन आला. सुमननं स्पीकरवर टाकला.

"ताई, पुढच्या महिन्यात नातीचं बारसं हाय. पाळणा, घुगऱ्या, सजावट सगळं तुमचंच. फक्त एक अडचण हाय. आमच्या आत्याबाईची कंबर धरलीय. डॉक्टरनं धपाटे नको म्हणून सांगितलंय. तर ते तुमचे... सर मिळतील का?"

सुमननं माझ्याकडं बघितलं. मग फ्रिजच्या दाराकडं बघितलं.

"मिळतील की," ती म्हणाली. "तारीख सांगा, वेळापत्रकात बसवते."